जुनी शिडाची होडी घेताना

भंडारा हा तलावांचा जिल्हा होय. येथील माजी मालगुजारी तलावांवर ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या डोंगे चालविले. वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली व कालांतराने पवनी तालुक्यात धरणामागे विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. एवढे पाणी जवळ असता त्यावर शिडाची होडी का चालवू नये, असा विचार एखाद्या शाळेच्या वा क्रीडा मंडळाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. नव्या होडीची किंमत परवडत नसल्याने अशी मंडळी बहुधा जुन्या होडीकडे वळतात. या खरेदीत संस्थेचा पैसा आणि मुलांचे प्राण, दोन्ही गुंतलेले असतात. म्हणून काही गोष्टी आधीच जाणून घेणे इष्ट ठरेल.

कोणती होडी घ्यावी?

शर्यत आणि शनिवार-रविवारची जलसफर या दोन्हींसाठी दोघांनी चालवावयाची छोटी होडी सोयीची पडते. ‘एंटरप्राइज’ हा प्रकार याचे उत्तम उदाहरण आहे. जॅक होल्ट या इंग्रज रचनाकाराने १९५६ मध्ये तिचा आराखडा केला. तिची लांबी सुमारे चार मीटर असून बांध्याचे वजन ९० ते ९५ किलो भरते. त्यामुळे ती साध्या ट्रॉलीवर ठेवून जीपमागे नेता येते. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागातही या होड्या वापरल्या गेल्या आहेत. लहान होड्यांतील नैपुण्य कोठवर नेते, हे १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत दिसून आले. त्या वेळी मुंबईच्या समुद्रात फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ या प्रकारात सुवर्णपदक मिळविले.

पहिली कसोटी : उलटल्यावर काय होते?

जानेवारी २०२४ मध्ये याच वैनगंगेच्या पात्रात, गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात, शेतमजूर महिलांना घेऊन जाणारी नाव उलटली आणि त्यांतील महिलांना प्राणास मुकावे लागले. साध्या नावेत पाणी शिरले की तिचा आधार संपतो. शिडाची छोटी होडी तर वाऱ्याच्या झोताने वारंवार कलंडते. ते तिच्या खेळाचेच अंग आहे. मात्र तिच्यात हवाबंद कप्पे किंवा हवेच्या पिशव्या असतात. त्यामुळे ती बुडत नाही व पुन्हा सरळ करता येते. जुन्या होडीत नेमकी हीच व्यवस्था निकामी झालेली असण्याचा संभव असतो.

म्हणून किंमत ठरविण्यापूर्वी कंबरभर पाण्यात, जीवरक्षक जाकीट घातलेल्या दोन पोहणाऱ्यांकडून होडी आडवी करून घ्यावी. पंधरा मिनिटांनी ती सरळ करावी. पाण्याने भरलेली असतानाही ती दोघांना घेऊन समतोल तरंगली पाहिजे व तिची कड पाण्याच्या वर राहिली पाहिजे. तरच आतले पाणी उपसता येते. त्यानंतर कप्प्यांची बुचे काढून पाहावीत. आतून पाणी निघाल्यास कप्पा गळका आहे असे समजावे. या चाचणीस जो विक्रेता नकार देईल, त्याची होडी घेऊ नये.

बांध्याची तपासणी

प्लायवुडची होडी रंगरंगोटीने नवी दिसते. कूज मात्र रंगाखाली लपते. सांधे, तळाचे कोपरे व मागची फळी पेचकसाच्या टोकाने हलकेच दाबून पाहावी. लाकूड मऊ लागल्यास तेथे कूज आहे. फायबर ग्लासच्या होडीवर बोटांच्या पेरांनी ठोकत जावे. टणक आवाज बदलून बोदा झाला, तर तेथील थर सुटलेले असतात. होडीने पाणी शोषले आहे काय, हे वजनावरून कळते. त्यासाठी होडी जवळच्या राईस मिलच्या काट्यावर ठेवावी. ठरलेल्या वजनापेक्षा दहा-पंधरा किलो अधिक भरल्यास ती शर्यतीत मागे पडेल.

शीड, डोलकाठी व ट्रॉली

जुने शीड ताणून आकार गमावते. सफरीस ते चालते. शर्यतीसाठी मात्र नवे घ्यावे लागते व तो खर्च आधीच हिशेबात धरावा. डोलकाठीचे तारांचे ताण तुटक्या धाग्यांसाठी तपासावेत. तळातून खाली-वर होणारी फळी सहज उचलली जाते ना, हेही पाहावे. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी उतरते व बुडालेली खोडे फळीस लागतात. ट्रॉलीची चाके, बेअरिंग व जोडणी यांचीही तपासणी करावी. अॅल्युमिनियमची डोलकाठी उभी ठेवून होडी विजेच्या तारांखालून कदापि नेऊ नये.

कागदपत्रे व परवानगी

विक्रेत्याकडून मालकीची लेखी पावती घ्यावी. शर्यतीसाठी त्या प्रकाराचे मोजमाप-प्रमाणपत्र व शिडावरील क्रमांक जुळले पाहिजेत. धरणाच्या जलाशयात होडी उतरविण्यापूर्वी जलसंपदा विभागाची परवानगी घ्यावी. तसेच मच्छीमार संस्थेशी बोलून जाळ्यांच्या जागा समजून घ्याव्यात. अंतर्देशीय जलयानांसंबंधीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात, यंत्राविना चालणाऱ्या जलयानांची कामे पंचायत पातळीपर्यंत सोपविण्याची तरतूद आहे. यास्तव ग्रामपंचायत सदस्यांनीही हा विषय आपला मानावयास हवा.

वैशाख-ज्येष्ठात वळवाचे वादळ अकस्मात येते. आभाळ भरून येताच होडी काठास लावावी. जितकी माणसे तितकी जाकिटे हा नियम कोणासाठीही मोडू नये. होडी स्वस्तात मिळाली म्हणून जाकिटांत काटकसर करणे हा व्यवहार नव्हे. खरेदीच्या रकमेतून जाकिटांचा खर्च प्रथम बाजूस काढावा आणि उरलेल्या रकमेत बसेल तीच होडी घ्यावी.