टाकीतील मासे अचानक का दगावतात?

हिंगोली - रात्रीपर्यंत टाकीत खेळणारे मासे सकाळी पाण्यावर उलटे तरंगताना दिसतात. दिवाणखान्यात काचेची टाकी ठेवणाऱ्या बहुतेक कुटुंबांना कधी ना कधी हा अनुभव येतो. मुले हिरमुसतात, मोठी माणसे दुकानदाराला दोष देतात. घरावरचे संकट माशाने अंगावर घेतले, अशीही समजूत काढली जाते. चार दिवसांनी त्याच पाण्यात नवे मासे सोडले जातात आणि तेही टिकत नाहीत. अशा अचानक मृत्यूंमागे पुष्कळदा रोगापेक्षा पाण्यातील बिघाड कारणीभूत असतो. हिंगोली जिल्ह्यात कडक उन्हाळा, मधूनच जाणारी वीज आणि साठवणीचे किंवा बोअरचे पाणी यांमुळे हा बिघाड लवकर होतो.

न दिसणारे विष

माशांचे उत्सर्जन आणि तळाशी कुजणारे खाद्य यांपासून पाण्यात अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि तळाच्या खडीवर वाढणारे उपयुक्त जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे नसतात. त्यांची वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणली त्याच दिवशी दहा-बारा मासे सोडले, तर पहिल्या काही आठवड्यांत ते एकेक करून मरू लागतात. पाणी मात्र नितळच दिसते.

मराठवाड्यात बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त असते. पाण्याचा सामू ७ वरून ८ वर गेला, की अमोनियाचा विषारी अंश सुमारे दहापट होतो. तापमान वाढल्यास त्यात आणखी भर पडते.

जास्त खाद्य हे या विषाचे मुख्य कारण. मुंबईतील बाणगंगा तलावात २०२२ मध्ये पितृपक्षानंतर मोठ्या प्रमाणावर मासे मेले. पाण्यात सोडलेले अन्न व निर्माल्य कुजले आणि प्राणवायू घटला. घरच्या टाकीत हेच लहान प्रमाणात घडते. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य दिवसातून एक-दोनदा द्यावे. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतो.

उन्हाळा आणि वीज

पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३५ अंशांना तो जेमतेम ७ मिलिग्रॅम राहतो. याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. हिंगोलीत एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. त्यात वीज गेली, की हवेचा पंप आणि फिल्टर दोन्ही बंद पडतात. काही तास पाणी फिरले नाही, तर फिल्टरमधील जिवाणूही मरू लागतात. गोल्डफिशला मुळात थंड पाणी मानवते. त्यामुळे छोट्या गोल भांड्यातील गोल्डफिश या दिवसांत सर्वांत आधी दगावतो.

वीज गेल्यास टाकीतील पाणी पेल्याने घेऊन थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीत सोडत राहावे. बॅटरीवर चालणारा पंप जवळ असल्यास उत्तम. पाणी तापले असल्यास बर्फाची झाकणबंद बाटली थोडा वेळ तरंगत ठेवावी. बर्फ थेट टाकू नये. तापमान एकदम उतरणेही घातक ठरते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन

पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्यासाठी त्यात क्लोरीन किंवा ब्लीचिंग पावडर मिसळतात. पावसाळ्यात गढूळ पाणी आले, की हे प्रमाण वाढू शकते. माणसाला न बाधणारा हा क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. नळाचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडे ठेवावे किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन काढणारे द्रावण वापरावे. तुरटी फिरवलेले पाणी टाकीत घालू नये. खोलीत डास-झुरळांचा फवारा मारताना टाकी झाकावी आणि पंप बंद ठेवावा. वास गेल्यावर लगेच पंप सुरू करावा. या फवाऱ्यांतील अनेक कीटकनाशके माशांना अत्यंत विषारी असतात.

कारण कसे ओळखावे?

सर्व मासे काही तासांतच मेले, तर क्लोरीन, कीटकनाशक किंवा प्राणवायूची कमतरता यांचा संशय घ्यावा. मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करीत असतील, तर प्राणवायू कमी आहे किंवा कल्ल्यांना इजा झाली आहे. दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक मासा जात असेल, तर अमोनिया किंवा संसर्ग असू शकतो. अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे संच बाजारात मिळतात. त्यांत दोन्हींचे प्रमाण शून्य दिसले पाहिजे.

असा प्रसंग ओढवल्यास मेलेले मासे लगेच काढावेत, खाद्य थांबवावे आणि पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीच्याच तापमानाचे असावे. घाबरून सगळे पाणी बदलणे आणि फिल्टर नळाखाली धुणे या दोन्ही गोष्टी टाळाव्यात. त्याने उरलेले जिवाणूही जातात. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यावा.

खरा रोग असेल तर

अंगावर साखरेच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके दिसणे हा एका परजीवीचा रोग आहे. हिवाळ्यात रात्री पाणी एकदम गार झाल्यास तो बळावतो. परजीवी माशाच्या अंगात असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो पाण्यात मोकळा फिरत असतानाच मरतो. म्हणून ठिपके गेल्यावरही औषधाचा ठरलेला काळ पूर्ण करावा लागतो. शेपटी झिजणे हा बहुधा जिवाणूंचा संसर्ग असून, अस्वच्छ पाण्यात तो वाढतो. पोट फुगून खवले उभे राहिल्यास मासा वाचण्याची शक्यता कमी असते. औषधाच्या दुकानातून माणसांच्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल आणून टाकीत फोडणे चुकीचे आहे. त्याने फिल्टरमधील जिवाणू मरतात आणि अमोनिया पुन्हा वाढतो.

नवा मासा किमान दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मगच टाकीत सोडल्यास रोगाचा शिरकाव बराचसा टळतो. आजारी किंवा नकोसा झालेला मासा कयाधू नदीत वा सिद्धेश्वर जलाशयात सोडू नये. उजनी जलाशयात शिरलेला शोभेचा सकर मासा तेथील मच्छीमारांची डोकेदुखी ठरला आहे. मेलेला मासा कुंडीत किंवा अंगणात मातीखाली पुरावा.

टाकी रिकामी झाल्यावर नवे मासे आणण्याची घाई करू नये. पाणी कधी बदलले, वीज किती वेळ गेली, कोणता मासा कधी मेला, याची नोंद वहीत ठेवावी आणि ती मुलांकडून करून घ्यावी. मासा का गेला, हे त्यांना त्यातून कळेल आणि पुढचा मासा जगण्याची शक्यताही वाढेल.