नळदुर्गचा टेलरसाहेब

बीडकडून धाराशिवकडे येऊ लागले की वाटेत तेरखेडा लागते. शोभेची दारू करणारे हे गाव. दिवाळी जवळ आली की सडकेच्या कडेची फटाक्यांची दुकाने मालाने भरून जातात आणि दूरदूरची गिऱ्हाइके तेथे थांबतात. गेल्या वर्षी आम्हीही थांबलो. चिरंजीवांना फुलबाज्या, भुईचक्रे घेऊन दिली आणि तुळजापूरला देवीचे दर्शन आटोपून नळदुर्गचा किल्ला पाहायला गेलो.

बोरी नदीवरचा बांध आणि त्याच्या पोटात १६१३ साली बांधलेला पाणीमहाल पाहून मुलगा हरखला. त्याला म्हटले, "या किल्ल्यात एक गोरा साहेब राहत असे. त्याने आपल्या तुळजापूरवर कादंबरी लिहिली आहे." त्यावर त्याने लगेच विचारले, "अप्पा, तो साहेब चांगला होता की वाईट?"

मुलांचे प्रश्न असेच असतात. दिसायला सोपे, उत्तर द्यायला अवघड! मी त्याला त्या साहेबाची हकीकतच सांगितली. तीच वाचकांपुढे ठेवतो.

फिलिप मेडोज टेलर याचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी तो मुंबईस आला, तो एका व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करायला. पेढीची स्थिती पाहतो तो अगदीच डबघाईची! एका नातलगाने खटपट केली आणि १८२४ साली त्याला हैदराबादेस निजामाच्या फौजेत जागा मिळाली. कंपनीच्या बड्या मुलकी नोकरांत त्याची गणना कधीच नव्हती. परंतु त्याचाच त्याला फायदा झाला. छावणीत बसून राहण्याऐवजी तो लोकांत मिसळला आणि त्यांच्या भाषा शिकला. ठगांच्या हकीकती ऐकून त्याने एका ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली. १८३९ साली ती विलायतेत प्रसिद्ध झाली आणि हा अनोळखी फौजी अंमलदार एकदम नावारूपास आला.

पुढे १८४१च्या सुमारास त्याच्यावर मोठी राजकीय कामगिरी आली. शोरापूर, म्हणजे आजच्या कर्नाटकातले सुरपूर, हे बेडर नायकांचे छोटे संस्थान. राजा वारलेला, गादीचा वारस व्यंकटप्पा लहान, राणी ईश्वरम्मा कारभारावरचा हात सोडायला तयार नाही आणि दरबारात तट पडलेले. तेथे इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून टेलर गेला. तलवार न उपसता त्याने सर्वांना सांभाळून घेतले, कर्जाची व्यवस्था लावली, बोनाळच्या मोठ्या तलावाचे काम करून घेतले आणि बाळराजाला लहानाचा मोठा केला. राजा त्याला 'अप्पा' म्हणे. आमच्या घरातही वडिलांना हीच हाक आहे. म्हणून हा शब्द वाचताना माझे मन तेथे थांबते.

१८५३ साली राजा सज्ञान झाला. त्याच वर्षी निजामाने तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या स्वाधीन केला. आपल्या मुलखाचा कारभार पाहण्यास टेलर नळदुर्गास आला. महसूल, न्यायनिवाडा, रस्ते अशी कामे उरकता उरकता त्याने तुळजापूरचे देऊळ, तेथले पुजारी, यात्रा हे सारे बारकाईने पाहिले. पुढे १८६३ साली आलेल्या 'तारा' या कादंबरीत त्याने तुळजापूरच्या एका शास्त्र्याची बालविधवा मुलगी नायिका केली आणि तिच्या कथेमागे शिवाजी महाराज व अफझलखान यांचा काळ उभा केला. आपल्या गावची मुलगी विलायतेतल्या घरोघरी पोहोचली ती अशी!

इतक्यात सत्तावन्न साल उजाडले. टेलरला वऱ्हाडात बुलढाण्यास पाठवले गेले. बरोबर द्यायला पलटण नव्हती. लोकांच्या विश्वासावर त्याने तो मुलूख शांत राखला. परंतु तिकडे शोरापुरास त्याचा मानसपुत्र उठावात सामील झाला! १८५८च्या फेब्रुवारीत इंग्रजी फौज शोरापुरावर चालून गेली. राजा निसटला, हैदराबादेस पकडला गेला. टेलर त्याला तुरुंगात भेटला, तेव्हा त्या तरुणाने त्याला घट्ट मिठी मारली. फाशीची शिक्षा झाली, ती कमी होत होत चार वर्षांच्या कैदेवर आली. पण मद्रासेकडे नेत असता वाटेतच पिस्तुलाची गोळी लागून राजाचा अंत झाला. चोविसाव्या वर्षी राजाला मृत्यू आहे, असे त्याच्या पत्रिकेत फार पूर्वीच वर्तवले होते, असे टेलर आत्मचरित्रात सांगतो.

पत्रिकेवर विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. मला वाटते, या शोकांतिकेला ग्रहांची जरुरी नव्हती. ज्याने अप्पा म्हणून हाक मारली त्याच्याजवळ माया होती, पण हुकूम दुसऱ्याचा होता. टेलरने प्रजेवर प्रेम केले यात मला संशय नाही. परंतु परक्या सत्तेचा चाकर कितीही सज्जन असला, तरी निर्वाणीच्या क्षणी तो लेकराला मिठी मारू शकतो, सोडवू शकत नाही.

१८६० साली धाराशिव आणि शोरापूर हे दोन्ही मुलूख निजामाकडे गेले. ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले, त्यांचे भवितव्य एका तहाने ठरले. टेलर त्याच वर्षी विलायतेस परतला. अखेरीस दृष्टी अधू झाली असतानाही तो पुन्हा एकदा हैदराबादेस येऊन गेला आणि परतीच्या वाटेवर १८७६ साली फ्रान्समधील मेंतों येथे वारला.

परतताना तेरखेड्यापर्यंत चिरंजीव गप्पच होते. तेथले दिवे दिसू लागल्यावर म्हणाले, "म्हणजे अप्पा, तो चांगला होता, पण त्याचे राज्य चांगले नव्हते."

इतकी वर्षे वर्गात शिकवतो आहे. याहून नेमके उत्तर मला सुचले नसते.