रोटीच्या माळावरची वाईन

पाटसहून बारामतीला जाणारा रस्ता रोटी घाट चढून वर आला की माळावर फ्रेंच शॅटोच्या धाटणीची इमारत दिसते. ही फोर सीझन्स वायनरी. तालुका दौंडचा, पण वाईनच्या जगात तिची ओळख बारामतीची. तुकोबांची पालखी याच घाटातून उंडवडी गवळ्याचीकडे जाते.

पुणे जिल्ह्यात वाईनचा पाया नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेजने १९८०च्या दशकात घातला. पुढे बारामती ग्रेप इंडस्ट्रीजने इटलीच्या बोस्का कंपनीच्या सहकार्याने त्याच नावाची वाईन बाजारात आणली. राज्य सरकारच्या २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि मोठे भांडवल या धंद्याकडे वळले. त्या लाटेत यूबी समूहातील युनायटेड स्पिरिट्सने रोटीची निवड केली. मुख्य वाईनमेकर होते अभय केवडकर.

निवड विचारपूर्वक होती. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापुरात ऊस उभा राहिला. इंदापुरातील बोरीसारख्या गावांनी खाण्याच्या द्राक्षात नाव कमावले. तिथे मणी टपोरा हवा, घड वजनदार हवा. वाईनच्या द्राक्षाला नेमके उलटे लागते: बारीक मणी, जाड साल, बेताचे पाणी. वेलीवर माल जास्त धरला तर रस पातळ होतो. रोटीचा निचऱ्याचा जिरायती माळ म्हणूनच मोलाचा.

दख्खनच्या वाईनची खरी किल्ली मात्र छाटणीत आहे. युरोपात थंडीत वेल झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. इथे ती झोपतच नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या काड्या तयार होतात आणि त्यांच्या डोळ्यांत घडनिर्मिती होते. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फळछाटणी करतात. त्यामुळे मणी भरण्याचा काळ कोरड्या, थंड रात्रींत येतो आणि आंबटपणा टिकतो. फेब्रुवारीत ऊन चढले की गोडी झपाट्याने वाढते, आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. तोडणी चार दिवस लांबली तरी वाईन बोजड होते. इथे यंत्रापेक्षा बागेतल्या माणसाची नजर श्रेष्ठ ठरते.

फोर सीझन्सची श्रेणी याच गणितावर उभी आहे. शेनिन ब्लाँ आणि सॉव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षे आधी तोडतात; रस सालीपासून लगेच वेगळा करून थंड टाक्यांत सावकाश आंबवतात. व्हिओनिए त्यांहून सुगंधी. ब्लशसाठी काळ्या द्राक्षाचा रस सालीबरोबर थोडाच वेळ राहतो, म्हणून गुलाबी छटा येते. शिराझ आणि कॅबर्ने सॉव्हिन्याँ सालीसकट आंबतात. रंग आणि तुरटपणा सालीतूनच उतरतो. गोडी २२ ते २४ ब्रिक्स असली की मद्यार्क साधारण १२ ते १३.५ टक्के भरतो. बॅरिक रिझर्व्ह ही वरची मालिका ओकच्या पिंपांत मुरते. बॅरिक म्हणजे सुमारे २२५ लिटरचे पीप. या माळाची ताकद सर्वांत चांगली दिसते ती मिरीच्या वासाच्या शिराझमध्ये. मटणाच्या तिखट रश्श्यापुढे ती दबत नाही. झिंझी ही स्वस्त वाईन नवख्या ग्राहकांसाठी होती.

युनायटेड स्पिरिट्स डिआजिओच्या ताब्यात गेल्यावर वाईनचा हा व्यवसाय विकण्यात आला आणि फोर सीझन्स ग्रोव्हर झंपाच्या परिवारात आली.