विश्लेषण : ‘नोटा’ म्हणजे ‘नाही’ की ‘नको’?

लोकसभेला आणि नगर परिषदेला दाबलेल्या एकाच बटणाचा अर्थ बदलतो कसा?

बारामती किंवा इंदापूर शहरातील मतदाराला लोकसभा, विधानसभा आणि नगर परिषद या तिन्ही निवडणुकांत उमेदवारांच्या यादीच्या शेवटी एक पर्याय दिसतो, ‘नोटा’. ‘नन ऑफ द अबव्ह’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तो शब्द तयार झाला. अर्थ सरळ वाटतो : वरीलपैकी कोणीही नाही. मात्र या बटणाचा परिणाम सगळ्या निवडणुकांत सारखा नाही. लोकसभा-विधानसभेत त्याने निकाल बदलत नाही. नगर परिषदेत मात्र निवडणूकच पुन्हा घ्यावी लागू शकते. असे का, हे समजून घेण्यासाठी आधी त्या इंग्रजी नकाराकडे पाहायला हवे.

इंग्रजी ‘नन’ आणि मराठी नकार यांत फरक काय?

‘नन’ हा शब्द जुन्या इंग्रजीतील ‘न’ आणि ‘एक’ या अर्थाच्या दोन शब्दांपासून बनला. म्हणजे ‘एकही नाही’. त्यात किती, हे कळते. बोलणाऱ्याची इच्छा काय, हे कळत नाही. मराठीत मात्र नकाराचे काम वाटून दिलेले आहे. वस्तू नसेल तर ‘नाही’, हवीशी नसेल तर ‘नको’ आणि ओळख नाकारायची असेल तर ‘नव्हे’. उसाच्या या पट्ट्यात हे सांगायला चहाचे उदाहरण पुरेसे आहे. ‘चहात साखर नाही’ ही तक्रार असते, ‘चहात साखर नको’ ही सूचना असते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘नो शुगर’ म्हणून भागते. पाटीवर ‘नो पार्किंग’ लिहिले की तेच ‘नो’ मनाई होते.

‘नोटा’चे मराठीकरण ‘वरीलपैकी कोणीही नाही’ असे होते. मतदाराच्या मनात असते ते ‘यांपैकी कोणीही नको’. वाद या दोन शब्दांमधल्या अंतराचाच आहे.

हा पर्याय आला कुठून?

‘नोटा’च्या आधीही मत नाकारता येत होते, पण गुपचूप नाही. निवडणूक संचालन नियम १९६१ मधील नियम ‘४९-ओ’नुसार मतदाराला केंद्रावरील अधिकाऱ्याला तसे सांगावे लागे. नोंदवहीत तशी नोंद होई आणि त्याखाली सही किंवा अंगठा द्यावा लागे. सगळे गाव एकमेकांना ओळखत असताना अशी नोंद करायला किती जण धजावणार? पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २७ सप्टेंबर २०१३ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश पी. सथाशिवम, न्या. रंजना देसाई आणि न्या. रंजन गोगोई यांच्या खंडपीठाने मतदान यंत्रावर हा पर्याय देण्याचा आदेश दिला. कोणालाही मत न देण्याचा निर्णयही अभिव्यक्ती आहे आणि त्याची गुप्तता राखली पाहिजे, हे त्यामागचे सूत्र. नकार वाढला तर पक्षांना चांगले उमेदवार द्यावे लागतील, अशी अपेक्षाही न्यायालयाने व्यक्त केली.

त्याच वर्षअखेर दिल्ली, राजस्थान, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि मिझोरमच्या विधानसभा निवडणुकांत ‘नोटा’ वापरला गेला. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत तो महाराष्ट्रातही वापरला गेला. मतपत्रिकेवर काळी फुली असलेले त्याचे चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने तयार केले. ते २०१५ पासून वापरात आहे.

लोकसभा-विधानसभेत त्याची किंमत किती?

मोजणीत ‘नोटा’चा आकडा स्वतंत्र जाहीर होतो, पण विजेता ठरवताना तो धरला जात नाही. उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मते, तो विजयी; मग ‘नोटा’ची मते त्याच्यापेक्षा जास्त का असेनात. विधानसभेच्या २०१९ च्या निवडणुकीत लातूर ग्रामीणमध्ये ‘नोटा’ला २७,५०० मते मिळाली आणि तो दुसऱ्या क्रमांकावर राहिला. सांगली जिल्ह्यातील पलूस-कडेगावमध्येही तेच घडले. तिथे ‘नोटा’ची मते २०,६३१ होती. नोव्हेंबर २०२२ मधील अंधेरी पूर्व पोटनिवडणुकीत विजयी ऋतुजा लटके यांना ६६,५३० आणि त्याखालोखाल ‘नोटा’ला १२,८०६ मते होती. २०२४ मध्ये इंदूर लोकसभा मतदारसंघात तर ‘नोटा’ने २,१८,६७४ मतांपर्यंत मजल मारली. या चारही ठिकाणी विजेत्याच्या निवडीवर काहीही परिणाम झाला नाही.

इंदापूरचे गणित वेगळ्या कारणाने लक्षात घेण्यासारखे आहे. २०१९ च्या विधानसभेला दत्तात्रय भरणे यांनी हर्षवर्धन पाटील यांचा ३,११० मतांनी पराभव केला. इतक्या चुरशीच्या लढतीत दोघांपैकी एकाकडे झुकलेला, पण ‘नोटा’ दाबणारा मतदार निकालातून बाहेर पडतो. तो दोघांनाही ‘नको’ म्हणतो. मोजणी त्याला ‘नाही’ म्हणून बाजूला ठेवते.

अनामत रकमेचे काय?

इथे नकाराचा उलटाच परिणाम दिसतो. अनामत वाचवायला उमेदवाराला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते लागतात आणि या हिशेबात ‘नोटा’ धरला जात नाही. समजा, १,२०,००० जणांनी मतदान केले आणि त्यात १२,००० ‘नोटा’ निघाले. हिशेब १,०८,००० मतांवर होईल आणि अनामत वाचण्याची रेषा २०,००० ऐवजी १८,००० वर येईल. सगळेच नको म्हणून दिलेले मत एखाद्या पडलेल्या उमेदवाराची अनामत वाचवू शकते.

नगर परिषदेत वेगळे काय?

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका भारत निवडणूक आयोग नव्हे, तर राज्य निवडणूक आयोग घेतो. राज्य आयोगाने अलीकडच्या निवडणुकांचे आकडे पाहिले, तेव्हा काही गावांचे निकाल डोळ्यांत भरणारे होते. पुणे जिल्ह्यातील बोरी ग्रामपंचायतीत ८५.५७ टक्के मते ‘नोटा’ला गेली होती. रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा तालुक्यात खावडी येथे ४४१ वैध मतांपैकी २१० ‘नोटा’ला होती आणि सरपंच निवडून आला १३० मतांवर.

त्यानंतर नोव्हेंबर २०१८ मध्ये आयोगाने महापालिका, नगर परिषदा आणि नगर पंचायतींच्या निवडणुका व पोटनिवडणुकांसाठी आदेश काढला. त्यानुसार ‘नोटा’ला काल्पनिक उमेदवार मानायचे. त्याला सर्वाधिक मते मिळाली तर कोणालाही विजयी घोषित करायचे नाही, त्या जागेसाठी निवडणूक पुन्हा घ्यायची. म्हणजे बारामती आणि इंदापूर या दोन्ही नगर परिषदांच्या मतदाराचा ‘नको’ इथे खऱ्या अर्थाने ‘नको’ ठरू शकतो.

अर्थात, त्यासाठी आधी मतदान व्हावे लागते. जागा बिनविरोध झाली की यंत्रच लागत नाही, त्यामुळे ‘नोटा’ही नाही. राज्यसभेसाठी तर हा पर्याय सर्वोच्च न्यायालयानेच ऑगस्ट २०१८ मध्ये काढून टाकला.

मतपत्रिकेवरील शब्दाने खरेच फरक पडतो?

बारामतीने तो अनुभव घेतला आहे. २०२४ च्या लोकसभेला इथे ३८ उमेदवार होते. एका मतदान यंत्रावर १६ बटणे असल्याने प्रत्येक केंद्रावर तीन यंत्रे लावावी लागली आणि ‘नोटा’ ३९ व्या जागी गेला. राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे चिन्ह ‘तुतारी वाजवणारा माणूस’ होते, तर एका अपक्षाला ‘ट्रम्पेट’ हे चिन्ह मिळाले. त्याचे मराठी नाव दिले गेले ‘तुतारी’. मतदारांचा गोंधळ होईल, अशी तक्रार पक्षाने आयोगाकडे केली. भाषांतरातला एक शब्द निवडणुकीचा मुद्दा झाला.

मतदाराने काय लक्षात ठेवावे?

घरी बसणे आणि ‘नोटा’ दाबणे एकच नव्हे. घरी बसणाऱ्याचा नकार कुठेच दिसत नाही. ‘नोटा’ची मते निकालपत्रात नोंदवली जातात आणि ती कोणी दिली हे गुप्त राहते. नगर परिषदेत नगराध्यक्ष आणि नगरसेवक यांच्यासाठी स्वतंत्र मते द्यायची असतात आणि प्रत्येक जागेच्या यादीत ‘नोटा’ स्वतंत्र असतो. एका जागेसाठी उमेदवार निवडून दुसऱ्या जागेसाठी सगळ्यांना नाकारता येते. बटण दाबण्यापूर्वी निवडणूक कोणती आहे, एवढे पाहावे. लोकसभा-विधानसभेत ती नोंदवलेली नाराजी असते. नगर परिषदेत पुरेशा लोकांनी तेच बटण दाबले, तर निकाल थांबतो.