होल्ट : वृद्धांचें एक बाजारगांव

गेल्या उन्हाळ्यांत चिरंजीवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां इंग्लंडांत नॉरिच येथें तीन महिने राहून आलों. लंडनपासून ईशान्येस सुमारें शंभर मैलांवर नॉरफोक नांवाचा परगणा आहे, त्याचें हें मुख्य शहर. चिरंजीव व सूनबाई सकाळींच कामावर जात, नात शाळेंत जाई. मधला सारा दिवस आमचा. शाळामास्तराचा पेशा सुटला तरी संवय सुटत नाहीं. तेथील सार्वजनिक वाचनालयांत आम्ही त्या प्रांताच्या खानेसुमारीचीं कोष्टकें वाचीत बसूं, आणि हवा बरी असली म्हणजे बसनें जाऊन त्या कोष्टकांतील एखादें गांव प्रत्यक्ष पाहून येऊं. त्या गांवांपैकीं होल्ट हें आमच्या मनांतून अद्यापि जात नाहीं. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा मानस नाहीं. तेथील वस्तीविषयीं जें आढळलें तें आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं व मुलासुनांनीं एकत्र बसून वाचावें, एवढ्याचकरितां हा लेख.

होल्ट हें नॉरिचच्या वायव्येस वीस-बावीस मैलांवर, समुद्रापासून जवळच आहे. इंग्लंडांत ज्यास ‘मार्केट टाउन’ म्हणतात त्यांतलें हें एक. आपल्याकडील कसब्याचाच हा प्रकार. आसपासच्या खेड्यांनीं धान्य व जनावरें विकावयास आणावीं आणि मीठ-कापड, नालबंदी, दवापाणी यांसाठीं येथेंच यावें, अशी त्याची पूर्वापार रचना. १०८६ सालीं विल्यम राजानें जी देशाची पाहणी करविली तींतही येथील बाजाराची आणि पांच पाणचक्क्यांची नोंद आहे. १७०८ सालीं लागलेल्या आगींत बहुतेक गांव भस्मसात झालें व नंतर विटांचें आणि गारगोटीचें पुनः उभें राहिलें. त्यामुळें आज रस्त्याच्या दोन्ही अंगांस एकाच घडणीचीं देखणीं घरें दिसतात. २०११ च्या खानेसुमारींत या गांवची वस्ती ३,८१० होती. आपल्याकडे एवढ्या वस्तीच्या गांवीं एक शाळा व एक दवाखाना असला म्हणजे लोक धन्यता मानितात.

गांवांत एक दगडी स्तंभ आहे. जवळच्या एका जहागीरदाराच्या बागेच्या दरवाजाचा तो खांब. त्यावर गांवोगांवचीं अंतरें कोरलेलीं आहेत. दुसऱ्या महायुद्धांत शत्रु उतरला तर त्यास वाट कळूं नये म्हणून गांवकऱ्यांनीं त्यास चुना फांसला. याचा जोडखांब डेरहॅम गांवीं होता, तो तेथील लोकांनीं विहिरींत टाकून दिला म्हणतात. होल्टकरांची युक्ति आम्हांस अधिक व्यवहारी वाटली.

पेशास अनुसरून येथील शाळेविषयीं दोन शब्द अधिक लिहितों. लंडनचे एके काळचे लॉर्ड मेयर सर जॉन ग्रेशम यांनीं १५५५ सालीं आपल्या येथील वाड्यांत ही शाळा स्थापिली व तिचा कारभार लंडनच्या मासळीव्यापाऱ्यांच्या संघाकडे सोंपविला. आज पावणेपांचशें वर्षें होत आलीं तरी तो संबंध सुटलेला नाहीं. ऑडेन कवि, ब्रिटन हा संगीतकार, हवेच्या गादीवर चालणारें वाहन काढणारा कॉकरेल हे सारे या शाळेचे विद्यार्थी. मूळ हेतु गरीब मुलांस विनामूल्य विद्या द्यावी असा होता. आज ती फी देऊन, कित्येक मुलांनीं वसतिगृहांत राहून शिकण्याची शाळा झाली आहे. खानेसुमारीच्या दृष्टीनें यांतील गंमत अशी कीं, २००१ पासून तेथें विद्यार्थी जेथें सत्रांत राहतो तेथें मोजला जातो. म्हणजे होल्टच्या कोष्टकांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा जो आंकडा दिसतो त्यांत परगांवचीं मुलें आलीं. तीं शिक्षण संपतांच निघून जाणार. तीं वगळलीं तर गांवांत तरुण किती उरतात हा प्रश्न निराळा.

तो प्रश्न बाजारपेठेंत पाऊल ठेवतांच मनांत येतो. सकाळीं अकराचा सुमार. जिकडे पाहावें तिकडे पांढरीं डोकीं. काठी टेंकीत चाललेलीं जोडपीं, चहाच्या दुकानांत एकट्याच बसलेल्या आजी, कुत्र्यास घेऊन निघालेले आजोबा. आमच्या कुटुंबानें हळूच विचारलें, “आज येथें कांहीं पेन्शनीचा दिवस आहे कीं काय?” पेन्शनीचा दिवस नव्हता. होल्ट ज्या नॉर्थ नॉरफोक तालुक्यांत मोडतें त्याची लोकसंख्या २०२१ च्या मोजणींत सुमारें १ लक्ष ३ हजार भरली आणि त्यांपैकीं शेंकडा ३३.५ माणसें पासष्ट वर्षांवरील निघालीं. इंग्लंड व वेल्स या दोन्ही देशांच्या सर्व तालुक्यांत हें प्रमाण सर्वांत अधिक आहे. त्या दोन देशांची सरासरी शेंकडा १८.६, लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स या भागांत तर अवघी शेंकडा ५.६. होल्टच्या रस्त्यावर दर तिसरें माणूस आमच्या वयाचें वा वरचें असावें, हा भास नव्हता.

हीं माणसें येथें जन्मलीं व म्हातारीं झालीं असें समजूं नये. पुष्कळशीं लंडनकडून आलेलीं आहेत. नोकरी संपली, शहरांतलें घर चढ्या किंमतीस विकलें, आणि समुद्राजवळच्या शांत गांवीं लहानसें घर घेऊन राहिलीं. या तालुक्यांत दरसाल जन्मांपेक्षां मृत्यु अधिक होतात. तरी २०११ ते २०२१ या दहा वर्षांत लोकसंख्या शेंकडा दीडनें वाढलीच, ती बाहेरून येणाऱ्यांमुळें. होल्ट या शब्दाचा जुन्या इंग्रजींत अर्थ रान, वन असा आहे. संस्कृत शिकविण्यांत जन्म गेल्यामुळें आमच्या मनांत लागलींच आलें कीं, ही मंडळी शब्दशः वानप्रस्थास आली आहेत! फरक एवढाच कीं, आपल्या शास्त्रांत गृहस्थानें घर मुलाच्या हवालीं करून वनांत जावयाचें असतें; येथें घर विकून वनांतलें घर विकत घ्यावयाचें असतें.

आणि येथेंच खरी अडचण उत्पन्न होते. शहरचा पैसा घेऊन येणारा निवृत्त गृहस्थ जी किंमत देतो ती गांवांतल्या सुताराच्या वा शेतमजुराच्या मुलास देववत नाहीं. त्यांत भर धनिकांच्या सुटीच्या घरांची. समुद्रकांठच्या खेड्यांत तीं इतकीं झालीं आहेत कीं हिवाळ्यांत गल्लींतल्या कित्येक खिडक्या काळोख्या असतात. २०२५ च्या एप्रिलपासून अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर बसविण्याची मुभा इंग्लंडांतील स्थानिक संस्थांस मिळाली आहे. शेतीवर पूर्वीं शेंकडों हात लागत. तें काम आतां यंत्रें करितात. होल्टची आगगाडी १८८४ त आली व १९६४ त बंद पडली. तेव्हां अठरा वर्षांचा मुलगा शिकावयास म्हणून बाहेर पडतो, आणि परत येतो तो बहुधा आईबापांस भेटावयास. हें वाचून कोंकणांतील वाचकांस फार दूरच्या देशाची गोष्ट वाचल्यासारखें वाटणार नाहीं.

आपल्याकडे एक समज रूढ आहे, व आम्हीही तो वर्गांत मुलांस पुष्कळ वर्षें सांगितला: इंग्लंडांत पूर्वीं आपल्यासारखींच एकत्र कुटुंबें होतीं, गिरण्यांचें युग आलें व तीं मोडलीं. हा समज खोटा आहे हें आम्हांस या वयांत कळावें याची थोडी लाजच वाटली. केंब्रिजच्या पीटर लॅझ्लेट यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६० नंतर जुन्या गांवयाद्या धुंडाळून हा विषय उजेडांत आणिला. नॉटिंगहॅम परगण्यांतील क्लेवर्थ या खेड्याच्या धर्मोपदेशकानें १६७६ व १६८८ अशा दोन वेळां घरवार माणसें लिहून ठेविलीं होतीं. पहिल्या वेळीं ४०१, दुसऱ्या वेळीं ४१२. संख्या जवळजवळ तीच. परंतु बाराच वर्षांत पहिल्या यादींतल्या पांचांपैकीं तीन माणसें दुसरींत नाहींत! कांहीं मेलीं, पण पुष्कळ गांव सोडून गेलीं. अशा शंभर गांवांच्या याद्यांवरून त्यांनीं काढलेली घराची सरासरी पावणेपांच माणसांची आहे, आणि त्यांतही नोकरचाकर धरलेले. तीन पिढ्या एका छपराखालीं हा प्रकार अपवादानेंच. मुलगा वा मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली कीं दुसऱ्याच्या घरीं चाकरीस जाई, चार पैसे सांठवी, आणि पंचविशी उलटल्यावर लग्न करून स्वतःची चूल मांडी. लग्न म्हणजेच वेगळी चूल, ही तेथील रीत गिरण्यांच्या शेंकडों वर्षें आधींची आहे. त्या काळीं नातवंडें पाहण्याइतकें आयुष्य थोड्यांसच लाभे, हेंही कारण जमेस धरिलें पाहिजे. तरी एकट्यानें त्या रीतीचा उलगडा होत नाहीं.

चूल हा शब्द आम्हीं सहज वापरला नाहीं. १६६२ पासून सत्तावीस वर्षें इंग्लंडांत दर चुलीमागें सालीना दोन शिलिंग कर होता. आजही त्यांच्या खानेसुमारींत कुटुंब म्हणजे एका पत्त्यावर राहून स्वयंपाकाची सोय आणि बैठकीची खोली सामाईक असणारीं माणसें. आपल्या शिरगणतींतही एका चुलीवर जेवणारीं तीं एक कुटुंब. दोन्ही देशांचे कारकून या बाबतींत एकमताचे आहेत. भावकीच्या वाटण्यांत आपण ‘चुली वेगळ्या झाल्या’ म्हणतों तेव्हां आपणही तोच हिशेब मांडीत असतों.

मग तेथील म्हाताऱ्यांस पोशी कोण? वाचक म्हणतील, मुलें टाकून देत असतील. तसेंही नाहीं. १६०१ च्या कायद्यानें निराधारांच्या पोटासाठीं गांवावर पट्टी बसविली, आणि आईबापांस पोसण्याची जबाबदारी मुलांवरही टाकिली. परंतु प्रत्यक्षांत म्हातारपणाचा भार पुष्कळ अंशीं गांवच उचली. १९०९ च्या जानेवारीपासून सरकारनें सत्तर वर्षांवरील गरजूंस आठवड्यास पांच शिलिंग पेन्शन देण्यास आरंभ केला, व १९४८ सालीं मुलांवरील ती जुनी कायदेशीर जबाबदारी पुसून टाकिली. आपल्याकडे पाहा: आईबापांस पोसणें हा धर्म मानणाऱ्या आपल्या देशांत मुलांनीं तें करावें म्हणून २००७ सालीं कायदा करावा लागला. त्यांनीं जो कायदा काढून टाकिला तसलाच आपण नवा केला. यांत कोणी कोणास हिणवावें असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां त्यांच्याही गांवपट्टीस ओझें जड झालें आहे. पैसा आहे, पण हात धरून न्हाणीघरांत नेणारें माणूस नाहीं. म्हणून २०२२ त परदेशांतून सेवेकरी आणण्यास परवानगी मिळाली. आपल्या देशांतून, नायजेरिया-झिंबाब्वेकडून हजारों स्त्रीपुरुष आले. २०२४ च्या मार्चपासून नव्यानें येणाऱ्यांस मुलाबाळांस बरोबर आणण्याची बंदी झाली, आणि २०२५ च्या जुलैंत बाहेरून नवी भरतीच थांबली. परक्या म्हातारीस भरवावयास जी बाई आली, तिची स्वतःची आई व मुलें मागें राहिलीं. आमच्या कुटुंबानें हें ऐकल्यावर बराच वेळ लोंकरीच्या सुया हातांतच धरून ठेविल्या.

एके दिवशीं जेवतांना चिरंजीव म्हणाले, “बाबा, तुम्ही दोघें येथेंच राहाल काय?” विचारणें मनापासून होतें. परंतु कायदा पाहतां २०१२ पासून वृद्ध आईबापांस कायमचें आणणें जवळजवळ अशक्य झालें आहे. स्वदेशीं कोणीही पाहणारें नाहीं व नित्याच्या शुश्रूषेवांचून चालणें नाहीं, असें सिद्ध करावें लागतें. पाहुणे म्हणून मात्र एका खेपेस सहा महिनेपर्यंत राहतां येतें. बायको व अज्ञान मुलें हें कुटुंब, आईबाप हे पाहुणे. क्लेवर्थच्या यादीशीं हें पुरें जुळतें.

निघण्यापूर्वीं आम्ही पुनः होल्टला गेलों. बंद पडलेल्या आगगाडीचा पांच मैलांचा तुकडा हौशी लोकांनीं शेरिंगहॅमपर्यंत पुनः सुरू केला आहे. वाफेचें एंजिन, जुने डबे, आणि चालविणारे बहुतेक स्वयंसेवक. होल्टच्या फलाटावर निशाण घेऊन जे गृहस्थ उभे होते ते सत्तरीचे तरी असावेत. गणवेष कडक, बुटांस पॉलिश. विनावेतन काम करितों असें त्यांनीं अभिमानानें सांगितलें. म्हातारीं माणसें तेथें केविलवाणीं बसून असतात असें कोणास वाटत असेल तर त्यानें हें पाहावें. आम्ही कोठले, काय करीत होतों, हें त्यांनीं आस्थेनें विचारलें, आणि मग म्हणाले, “तुमच्याकडे मोठीं कुटुंबें असतात म्हणे. तुमचें केवढें?”

“अकरा माणसांचें,” आम्हीं सांगितलें. त्यांनीं टोपी किंचित् उचलली.

परततांना बसमध्यें कुटुंबानें बोटें मोजावयास आरंभ केला. नॉरिचचीं तीन. धाकटे चिरंजीव, सूनबाई व दोन नातू पुण्यास, हीं चार. “राहिलों आपण दोघें, वन्सं, आणि सासूबाई,” ती म्हणाली. “आपल्या चुलीवर चारच कीं हो.” आपल्याकडील २०२१ ची शिरगणती लांबणीवर पडली आहे, प्रगणक दारीं येईल तेव्हां आम्हांस तेवढाच आंकडा सांगावा लागेल.