दिसणे आणि पाहणे : रात्रीच्या सायकलस्वाराचा दिवा

वसतिगृहाच्या पडवीत विज्ञानाच्या गुरुजींनी एकदा सायकल उलटी उभी केली होती. मागच्या चाकाला डायनामो टेकवला, एका विद्यार्थ्याला पेडल फिरवायला सांगितले आणि दिवा उजळला. चाकाच्या गतीतून वीज निर्माण होते, याचेच त्या दिवशी आम्हांला कौतुक वाटले. सायकलीला दिवा मुळात कशासाठी असतो, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्याचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी अंधेरीत मिळाले.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील कामगारांना पहिल्या पाळीसाठी नेणारी लहान बस मी काही वर्षे चालवीत असे. आषाढातील पहाट होती, पाचाचा सुमार. पाऊस कोसळत होता. अकस्मात काचेसमोर निळ्या प्लॅस्टिकने झाकलेला पावाच्या लाद्यांचा गठ्ठा दिसला. त्या गठ्ठ्याखाली सायकल आहे आणि सायकलीवर माणूस आहे, हे त्यानंतर दिसले. बस थांबली तेव्हा दोघांमध्ये हातभर अंतर उरले होते. मी खाली उतरून काही बोलण्यापूर्वी तोच म्हणाला की, त्याला रस्ता अगदी नीट दिसत होता. तो खोटे बोलत नव्हता. रस्त्यावरच्या दिव्यांत त्याला खड्डेसुद्धा दिसत होते. तो स्वतः मात्र मला दिसत नव्हता.

सायकलस्वारांच्या मनातील सारा गोंधळ या एका वाक्यात आहे. शहरात रस्त्यावर दिवे असतात, मग सायकलीला वेगळा दिवा कशाला, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. उपनगरातील सायकलीचा दिवा हा पाहण्यासाठी थोडा आणि दिसण्यासाठी अधिक असतो.

याचे गणित सोपे आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे 14 मीटर पुढे जाते. समोर काही आहे हे जाणवून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर 21 मीटर तेथेच संपतात. कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी 14-15 मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर 25 च्या आसपास. म्हणजे पावसात एकूण 45 मीटरच्या आत काहीही आढळले, तर चालक कितीही सावध असला तरी गाडी वेळेवर थांबत नाही. गडद कपडे घातलेला माणूस मोटारीच्या खाली झुकवलेल्या प्रकाशात बहुधा 25-30 मीटरवर आल्यावरच ओळखू येतो. उलट, छोटासा लाल दिवा शंभर-दीडशे मीटरवरूनही दिसतो. चालकाला हवा असलेला वेळ तो दिवा मिळवून देतो.

अंधेरीच्या रस्त्यांची स्वतःची एक अडचण आहे. 2014 साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हापासून अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या मध्यभागी खांबांची रांग आहे. खांबांच्या सावलीतून उजेडात आणि उजेडातून पुन्हा सावलीत जाणारा सायकलस्वार चालकाच्या डोळ्यांना तुटक तुटक दिसतो. कोंडिवट्याच्या बौद्ध लेण्यांवरून ज्याला नाव पडले, त्या महाकाली गुंफा मार्गावर दुकानांच्या पाट्या आणि समोरून येणाऱ्या गाड्यांचे झोत यांची इतकी गर्दी असते की, बिनदिव्याची सायकल त्यात विरघळून जाते. आरेच्या रस्त्यावर तर झाडांखाली निखळ काळोखच. पावसाळ्यात ओला डांबरी रस्ता प्रत्येक दिव्याचे प्रतिबिंब दाखवू लागतो, तेव्हा खरी वस्तू कोणती आणि चमक कोणती हे ओळखणे अनुभवी चालकालाही जड जाते.

पुष्कळजण म्हणतात, मागे लाल काच आहे ना! ती काच म्हणजे परावर्तक. केंद्र सरकारने 2020 मध्ये सायकलींच्या परावर्तकांच्या गुणवत्तेसाठी आदेशही काढला. परावर्तक उपयुक्त आहेच, विशेषतः पेडलवरचा. कारण तो वरखाली हलतो आणि ती हालचाल पाहून मेंदूला चटकन कळते की पुढे माणूस आहे. परंतु परावर्तक आलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतो. त्याच्यावर झोत पडला नाही, तर तो काळाच राहतो. गल्लीतून आडव्या येणाऱ्या रिक्षाचा प्रकाश तुमच्या मागच्या काचेवर पडत नाही. काचेवर चिखल बसला की तीही गेली.

गुरुजींच्या डायनामोतही एक उणीव होती. चाक थांबले की दिवा विझतो, आणि सिग्नलला उभे असतानाच मागच्या वाहनाला आपण दिसणे गरजेचे असते. आजचे चार्ज होणारे एलईडी दिवे त्या दोषातून मुक्त आहेत. पुढचा आणि मागचा मिळून साधी जोडी तीन-चारशे रुपयांत मिळते. डेन्मार्कमधील ओडेन्से शहरात 2004-05 मध्ये सुमारे 3,800 सायकलस्वारांवर एक प्रयोग झाला. ज्यांच्या सायकलीला दिवसरात्र चालू राहणारे दिवे बसवले होते, त्यांच्यात इजा होणाऱ्या अपघातांचे प्रमाण इतरांपेक्षा 19 टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याकडे नव्या मोटारसायकलींचा पुढचा दिवा 2017 पासून इंजिनाबरोबर आपोआप लागतो, त्यामागेही हाच विचार आहे. सायकल मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत येत नाही. तिला नोंदणी नाही, चालकाला परवाना नाही. एके काळी गावोगावचे पोलीस बिनदिव्याच्या सायकलस्वाराला संध्याकाळी अडवीत आणि ज्येष्ठ वाचकांपैकी काहींनी चाकातली हवा गेलेली सायकल हाताने ढकलत घरी नेली असेल. तो धाक आता उरला नाही.

पुढे पांढरा आणि मागे लाल, हा क्रम बदलू नये. त्या रंगांवरूनच चालक सायकल येते आहे की जाते आहे हे ठरवतो. लुकलुकणारा दिवा लक्ष वेधतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज येत नाही. म्हणून निखळ अंधारात स्थिर दिवा बरा. पुढचा दिवा किंचित खाली झुकलेला असावा, अन्यथा समोरच्याचे डोळे दिपतात.

आपल्या वस्त्यांतील सायकल बहुधा कामाची सायकल असते. दूध, पाव, वर्तमानपत्रे, पाण्याचे जार, रात्रीचा चहा. सीटखाली बसवलेला मागचा दिवा या ओझ्याआड झाकला जातो. तो कॅरिअरच्या अगदी टोकाला किंवा मडगार्डवर खाली बांधावा. गठ्ठा उंच असेल तर गठ्ठ्यालाच. पावसाळ्यात रेनकोटचा घोळ त्याच्यावर येत नाही ना, हेही पाहावे. चाळीखाली लावलेल्या सायकलीचा दिवा चोरीला जातो, ही तक्रार खरी आहे. चिमट्याने अडकवून खिशात घालून नेता येईल असा दिवा घेणे हा त्यावरचा उपाय. पालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : नोव्हेंबरअखेर मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जानेवारीत सातनंतर उगवतो. म्हणजे शिकवणीहून परतणारा आणि सकाळच्या शाळेला निघालेला, दोन्ही विद्यार्थी अंधारातच सायकल चालवीत असतात.

दिवा बसवल्यावर संध्याकाळी सायकलीवर नेहमीचे ओझे लादावे, घरातल्या कोणाला तरी ती धरून उभे करावे आणि आपण मागे साठ पावले चालत जाऊन वळून पाहावे.