दिल्लीचा निर्णय, हिंगोलीचा बाजार

सरकारी धोरण म्हटले की आपले व्यापारी व कारागीर बांधव समजतात की हा मोठ्या कारखानदारांचा आणि बँकांचा विषय आहे. आपले एक शिलाई मशीन, आपले किराण्याचे दुकान, आपला त्याच्याशी संबंध काय? हा समज चुकीचा तर आहेच, शिवाय महागात पडणारा आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्याची कार्यालये आली, पगारदार कुटुंबे राहावयास आली, घरे बांधली गेली आणि गवंडी, सुतार, शिंपी, हॉटेलवाले या सर्वांना नवे गिऱ्हाईक मिळाले. त्यासाठी कोणाला अर्ज भरावा लागला नाही. सरकारचे धोरण आपल्या दुकानात बहुधा असेच, गिऱ्हाइकाच्या खिशातून येते. ते कसे येते आणि कसे जाते, हे आम्ही येथे मांडत आहोत.

सोयाबीन, तेल आणि पेंड

हिंगोली जिल्ह्याचे खरिपातील सर्वांत मोठे पीक सोयाबीन. दसरा-दिवाळीच्या सुमारास या पिकाचा जो पैसा शेतकऱ्याच्या हाती येतो, तोच आपल्या बाजाराचा हंगाम. केंद्र सरकारने २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये ठरविला. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरील आयात शुल्क अधिभारासह ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेले. बाहेरचे तेल महाग झाले की देशी सोयाबीनला भाव मिळेल, असा त्यामागील हिशेब होता. प्रत्यक्षात त्या हंगामात मराठवाड्यातील बराचसा माल हमीभावाच्या खालीच विकला गेला.

असे का झाले? सोयाबीनच्या दाण्यात तेल अठरा टक्क्यांच्या आसपास असते; बाकी बहुतेक पेंड निघते. म्हणजे दाण्याचा भाव पेंडीवरही तितकाच अवलंबून. दुसरीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यासाठी सरकारने मका व तांदळापासून इथेनॉल काढण्यास उत्तेजन दिले. त्या कारखान्यांतून उरणारा चोथा पशुखाद्य व कोंबडीखाद्य म्हणून स्वस्तात विकला जाऊ लागला आणि सोयाबीन पेंडीची मागणी घटली. एका धोरणाने तेल वर नेले, दुसऱ्याने पेंड खाली आणली. शेतकऱ्याला वाढीव भाव मिळाला नाही आणि भजी-वड्याची गाडी लावणाऱ्याला मात्र तेलाचा डबा महाग पडला. मे २०२५ अखेर हेच शुल्क पुन्हा १६.५ टक्क्यांवर आणले गेले.

आता साधा हिशेब करू. एखाद्या शेतकऱ्याकडे वीस क्विंटल सोयाबीन आहे आणि क्विंटलमागे हमीभावापेक्षा सहाशे रुपये कमी मिळाले, तर बारा हजार रुपये गेले. बियाणे-खताची उधारी तर त्याला फेडावीच लागते. मग हे बारा हजार कापले जातात ते नव्या कपड्यांतून, गादी-रजईतून, घराच्या डागडुजीतून. म्हणजेच आपल्या धंद्यातून.

यासाठी केवळ जाहीर झालेला हमीभाव पाहून माल भरू नये. २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये जाहीर झाला; पण खरेदी केंद्र वेळेवर सुरू झाले तरच तो आकडा शेतकऱ्याच्या हाती पडतो. ओलाव्याची अटही असते. सोयाबीनसाठी ती १२ टक्के होती; नोव्हेंबर २०२४ मध्ये १५ टक्क्यांपर्यंत सवलत दिली गेली. तोपर्यंत गरजू शेतकऱ्यांनी माल विकून टाकला होता. निर्णय उशिरा आला की त्याचा लाभ माल साठवून ठेवू शकणाऱ्यालाच होतो, हा धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

हळदीची गोष्ट वेगळी

वसमतच्या हळदीला हमीभाव नाही. तिचा भाव खुल्या बाजारात ठरतो. म्हणून येथे सरकारचा हात निराळ्या मार्गाने लागतो. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. वसमत येथे राज्य सरकारचे हळद संशोधन केंद्र उभे राहत आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या तेलंगणातील निजामाबाद येथे राष्ट्रीय हळद मंडळाचे काम सुरू झाले.

मानांकनाचा कागद म्हणजे रोजगार नव्हे. हळद काढणे, शिजविणे, वाळविणे, पॉलिश करणे, निवडणे, पोत्यांत भरणे, या प्रत्येक टप्प्यावर मजुरी आहे. शिजवणीचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम बनविणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या वेल्डरला काम आहे. परंतु हळकुंडे जशीच्या तशी बाहेर गेली, तर दळणे, पॅकिंग आणि छपाईची मजुरीही त्यांच्याबरोबर बाहेर जाते. मराठवाड्यातील नव्या उद्योगांना राज्याच्या सामुदायिक प्रोत्साहन योजनेत पुण्या-मुंबईपेक्षा अधिक सवलती आहेत. चार-पाच व्यापाऱ्यांनी भागीदारीत दळण-पॅकिंगचा विचार केला, तर या सवलतीचा उपयोग करून घेता येईल.

मजुरीचा तळ

रोजगार हमीचा जन्म महाराष्ट्रातच झाला. वि. स. पागे यांनी ही कल्पना पुढे आणली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि २००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी कायदा केला. १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात त्याखालील मजुरीचा दर ३१२ रुपये झाला. असा दर नीट अमलात असेल, तर तो मजुरीचा तळ ठरतो. त्याहून कमी दराने मजूर सहसा येत नाही. मालकाला हे जड वाटते. परंतु तोच मजूर आठवडी बाजारात आपला गिऱ्हाईक असतो, हेही विसरता कामा नये.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांच्या कामाची हमी आहे; पण पेरणी व सुगीच्या काळात साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद आहे, आणि खर्चाचा चाळीस टक्के वाटा महाराष्ट्रासारख्या राज्यांनी उचलावयाचा आहे. राज्याने हा वाटा वेळेवर दिला की नाही, हे आपल्या बाजारात लगेच दिसेल.

लाडकी बहीण योजनेचेही असेच. जुलै २०२४ पासून पात्र महिलांसाठी दरमहा १,५०० रुपये लागू झाले. पैसा थेट बाईच्या खात्यात येतो, तेव्हा किराणा, बांगड्या, मुलांचे कपडे या वस्तूंना उठाव येतो. मात्र हप्ता लांबला की हा उठाव थांबतो.

बंदी आणि धंदा

काही धोरणे धंद्याचा मार्गच बदलतात. मार्च २०१५ मध्ये राज्यात गायीबरोबर बैल व वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीला ती लागू नाही. परिणाम एकट्या कुरेशी बांधवांवर झाला नाही. म्हातारा बैल विकून नव्या जोडीत पैसे घालणाऱ्या शेतकऱ्याचे गणित बिघडले. ट्रॅक्टरमुळे बैल आधीच कमी होत होते. त्यात ही भर पडली. बैल कमी झाले की नालबंदाचे आणि गाडी-वखर दुरुस्त करणाऱ्या लोहार-सुताराचे काम घटते. ज्या कारागिराने ही दिशा ओळखून ट्रॉली, नांगर व अवजारांच्या वेल्डिंगकडे हात वळविला, त्याला काम राहिले.

काय करावे?

जे थेट आपल्यासाठी आहे, ते आधी पदरात घ्यावे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिंपी, लोहार, सुतार, गवंडी, चांभार यांसह अठरा व्यवसाय आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. योजनेतील कर्ज व्याजाचे असल्याने अनेक बांधव तिच्याकडे वळतच नाहीत. परंतु कर्ज घेणे सक्तीचे नाही. प्रशिक्षण आणि अवजारे कर्जाविना घेता येतात.

दुसरे, कराचा बदल समजून घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंतचे कपडे व पादत्राणे पाच टक्के जीएसटीत आली आणि सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आले. कापड-चप्पल दुकानदाराने व गवंडीकामाचा ठेका घेणाऱ्याने जुन्या दराने हिशेब केला, तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल.

तिसरे, हंगामापूर्वी हमीभाव, खरेदी केंद्राची तारीख, तेलाचे शुल्क आणि सरकारी हप्त्यांची स्थिती या चार गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात. मगच किती माल भरावयाचा आणि किती उधारी द्यावयाची ते ठरवावे. शेतकरी आभाळ पाहून पेरतो. व्यापाऱ्यानेही धोरण पाहून माल भरावा.